सोडवायला जाणारा माणूस

बिल रिचर्डसन १ सप्टेंबर २०२३ ला गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या चॅटम या समुद्राकाठच्या गावी, उन्हाळ्यात राहायच्या घरात, झोपेतच. वय ७५. महाराष्ट्रातल्या पेपरांत बातमी आली असेल तर चार ओळींची, आणि इथल्या टीव्हीवरही ती दोन दिवसांच्या पुढे टिकली नाही. मग सांता फेला न्यू मेक्सिकोच्या विधानभवनात पार्थिव ठेवलं, तिथल्या कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला, बिल क्लिंटन येऊन बोलले. झालं.

पण त्याच महिन्याच्या १८ तारखेला इराणने पाच अमेरिकनांना सोडलं. त्यांतले सियामक नमाझी जवळजवळ आठ वर्षं तेहरानच्या तुरुंगात होते. बदल्यात अमेरिकेने पाच इराणी सोडले आणि दक्षिण कोरियात गोठलेले इराणचे ६ अब्ज डॉलर कतारच्या बँकांत जाऊ दिले. त्या दिवसापासून इथे वाद पेटला. एक बाजू म्हणते, माणसं घरी आली ना, मग बस. दुसरी म्हणते, अशी किंमत मोजलीत तर उद्या आणखी पाच पकडतील. या वादात मला राहून राहून रिचर्डसन आठवतात, कारण असल्या सुटकांच्या कामात त्यांनी जवळजवळ तीस वर्षं घातली आणि त्यांतली एक सुटका तर तांदळाच्या पोत्यांवर झाली होती.

त्यांची कारकीर्द कागदावर मांडली तर ती एका माणसाची वाटत नाही. १९८३ ते १९९७ न्यू मेक्सिकोचे खासदार, मग संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे राजदूत, मग क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री, २००३ ते २०११ न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री, आणि मध्येच २००८ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत. पदं बरीचशी विसरली जातील. लोकांच्या लक्षात राहील ते एवढंच, की परक्या मुलखात अडकलेल्याच्या घरचे ज्याला फोन करायचे, तो हा माणूस.

आधी थोडं घराबद्दल, कारण ते आपल्याला ओळखीचं वाटेल. वडील अमेरिकन, मेक्सिको सिटीत सिटीबँकेचे मोठे अधिकारी. आई मेक्सिकन. वडिलांचा स्वतःचा जन्म निकाराग्वाला निघालेल्या बोटीवर झालेला, आणि आपण अमेरिकेच्या भूमीवर जन्मलो नाही ही सल त्यांच्या मनात होती. म्हणून बायकोचे दिवस भरत आले तसं तिला त्यांनी कॅलिफोर्नियात पासाडेनाला पाठवलं. मुलगा अमेरिकेत जन्मला आणि तान्हा असतानाच मेक्सिको सिटीत परत गेला. हा हिशेब आपल्यातल्या किती घरांत बोलला गेलाय, ते सांगायला नको! तेराव्या वर्षी त्याला बॉस्टनजवळच्या निवासी शाळेत घातलं. एकीकडे गोरा अमेरिकन, दुसरीकडे आईकडून मेक्सिकन. नाव असं की कुणाला स्पॅनिश वंशाचा वाटूच नये. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'बिट्वीन वर्ल्ड्स'.

न्यू मेक्सिकोत ते १९७८ साली आले, तेव्हा त्यांची तिथे कसलीच मुळं नव्हती. दोन वर्षांत खासदारकीला उभे राहिले आणि थोडक्यात पडले. १९८२ मध्ये राज्याला नवा मतदारसंघ मिळाला, तिथून निवडून आले. त्या मतदारसंघात स्पॅनिश बोलणारी जुनी गावं, प्वेब्लो आणि नवाहो आदिवासी, गोरे पशुपालक, शिवाय लॉस अलामोसचे अणुशास्त्रज्ञ. कुणाचं पाण्याचं भांडण, कुणाचं जमिनीचं, कुणाची थकलेली पेन्शन. अशा ठिकाणी टिकायचं तर प्रत्येकाच्या ओसरीवर बसावं लागतं. रिचर्डसन बसले. २००२ साली गव्हर्नरपदाच्या प्रचारात त्यांनी एका दिवसात, आठ तासांत, १३,३९२ लोकांशी हस्तांदोलन केलं आणि थिओडोर रूझवेल्ट यांचा जुना विक्रम मोडून गिनेस बुकात नाव घातलं. नाटकी वाटतं, आणि ते नाटकी होतंच. पण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं इंगित तिथे आहे असं मला वाटतं. हुकूमशहापुढे बसतानाही ते राजनैतिक अधिकाऱ्यासारखे बसत नसत, मतदारसंघात फिरणाऱ्या खासदारासारखे बसत. समोरच्याचं गाऱ्हाणं काय आहे, त्याला नक्की काय हवंय आणि त्यातलं आपल्याला परवडेल असं काय आहे, एवढंच ते शोधायचे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सुदानचं. १९९६ च्या अखेरीस दक्षिण सुदानमधल्या केरुबिनो नावाच्या बंडखोर सेनापतीने रेड क्रॉसच्या तिघांना धरून ठेवलं होतं. एक अमेरिकन वैमानिक, तोही न्यू मेक्सिकोचाच, एक ऑस्ट्रेलियन परिचारिका आणि एक केनियन. केरुबिनोची मागणी होती २५ लाख डॉलरची. रिचर्डसन तिथे पोचले, झाडाखाली बसले, त्याचं ऐकून घेतलं. माणूस मोठ्या रकमेच्या गोष्टी करत होता, पण त्याच्या तळावर मुलं आजारानं मरत होती आणि खायला धान्य नव्हतं. शेवटी सौदा ठरला तो पाच टन तांदूळ, चार जुन्या जीप, नऊ रेडिओ आणि तळाची आरोग्य तपासणी करण्याचं आश्वासन यांवर. तिघं सुटले. २५ लाख डॉलर मागणाऱ्याला खरी गरज कशाची आहे हे वॉशिंग्टनमध्ये बसून कळलं नसतं.

इराकमध्ये तर फजितीच व्हायची. १९९५ साली कुवेतमध्ये काम करणारे दोन अमेरिकन वाट चुकून सीमेपलीकडे गेले आणि त्यांना आठ-आठ वर्षांची शिक्षा झाली. रिचर्डसन जुलैत बगदादला सद्दाम हुसेनसमोर बसले, आणि सवयीप्रमाणे पायावर पाय टाकला. बुटाचा तळवा सद्दामच्या दिशेला. सद्दाम टेबलावर हात आपटून उठून गेला. आखातात राहणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायला नको. रिचर्डसन यांना दुभाष्याने सांगितलं तेव्हा कळलं. सद्दाम परत आला, तेव्हा यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. त्यांनी त्याबद्दल रीतसर माफी वगैरे मागितली नाही, विषय पुढे नेला. दोघंही सुटले.

त्याआधी डिसेंबर १९९४ मध्ये ते उत्तर कोरियाला गेले होते, खरं तर अणुप्रश्नावर बोलायला. ते पोचतात न पोचतात तोच अमेरिकी लष्कराचं एक हेलिकॉप्टर चुकून हद्द ओलांडून गेलं आणि पाडलं गेलं. दोन वैमानिकांपैकी एक ठार, दुसरा कैदेत. रिचर्डसन यांनी मुक्काम वाढवला. पाच दिवसांनी पानमुंजोमच्या सीमेवरून ते परतले ते मृत वैमानिकाचं शव घेऊन. जिवंत वैमानिक ३० डिसेंबरला सुटला, तोही परराष्ट्र खात्याचा अधिकारी प्याँगयाँगला जाऊन शेवटची बोलणी करून आल्यावर. मृत्युलेखांत बहुतेकांनी ही सुटका सरळ रिचर्डसन यांच्या खात्यात टाकलीय. तसं ते नाही. दार त्यांनी उघडलं, आत गेलं सरकार. बहुतेक प्रकरणांत असंच घडलंय, आणि त्यात त्यांना कमीपणा काही नाही.

आपल्याशी त्यांचा एकदा थेट संबंध आला होता, आणि तिथे मात्र ते पूर्ण फसले. एप्रिल १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांतले राजदूत म्हणून क्लिंटन यांनी त्यांना दिल्ली, इस्लामाबाद आणि काबूलला पाठवलं. वाजपेयींचं सरकार येऊन जेमतेम महिना झाला होता. दिल्लीत भेटीगाठी झाल्या, गोडगोड बोलणं झालं, कुणी काही पत्ता लागू दिला नाही. इकडे पोखरणला तयारी चाललेली, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक अनिल काकोडकर त्या तयारीत. ११ मे रोजी स्फोट झाले. समोरच्याच्या मनातलं काढून घेण्यात ज्याची ख्याती, त्याला आपल्या लोकांनी चहा पाजून रवाना केलं होतं! अमेरिकेची गुप्तचर यंत्रणाही तेव्हा तशीच गाफील राहिली, हे खरं. त्याच दौऱ्यात ते काबूलला जाऊन तालिबानला भेटले, ओसामा बिन लादेनचा विषय काढला, शस्त्रसंधीचं आश्वासनही घेऊन आले. ते फार दिवस टिकलं नाही.

आता ती गोष्ट, जी श्रद्धांजलीच्या भाषणांत कुणी फारशी काढली नाही. परदेशातून इथे येऊन शास्त्रज्ञ, इंजिनिअर झालेल्या आपल्यासारख्यांनी ती विसरू नये असं मला वाटतं. १९९९ साली रिचर्डसन ऊर्जामंत्री होते, आणि अमेरिकेच्या अणुप्रयोगशाळा त्याच खात्याखाली येतात. चीनने अण्वस्त्रांची गुपितं चोरल्याच्या बातम्यांनी वॉशिंग्टन तापलं होतं. मार्चमध्ये लॉस अलामोसमधले वेन हो ली या तैवानमध्ये जन्मलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाला कामावरून काढण्यात आलं. डिसेंबरात अटक झाली, ५९ आरोप ठेवले गेले, आणि ली यांना २७८ दिवस एकांतकोठडीत ठेवलं. हेरगिरीचा आरोप त्यांच्यावर कधी ठेवलाच गेला नाही. शेवटी सप्टेंबर २००० मध्ये गोपनीय माहिती नीट न हाताळल्याचा एक आरोप कबूल करून ते सुटले. अल्बुकर्कीच्या न्यायालयात न्यायाधीशांनी भर कोर्टात ली यांची माफी मागितली, आणि ज्या खात्यांनी देशाला लाज आणली त्यांत ऊर्जा खात्याचं नाव घेतलं. ली यांचं नाव पत्रकारांना फोडण्यात रिचर्डसन यांचा हात होता, असं ली यांच्या वकिलांचं म्हणणं होतं. रिचर्डसन यांनी ते नाकारलं. पुढे २००६ मध्ये सरकार आणि पाच वृत्तसंस्थांनी मिळून ली यांना १६ लाख डॉलरवर तडजोडीत भरपाई दिली.

म्हणजे बगदाद आणि प्याँगयाँगच्या कोठड्या उघडायला धावणारा माणूस सत्तेत असताना त्याच्याच राज्यात, त्याच्याच खात्याच्या शास्त्रज्ञाला हातापायांत बेड्या घालून ठेवलं गेलं. यावर काय म्हणायचं? मी त्यांचा बचाव करणार नाही. एवढं दिसतं की परक्या सरकारच्या तावडीतला माणूस सोडवताना ते फक्त त्या माणसाचे असत; मंत्री झाले तेव्हा सरकारचे झाले. खुर्चीवरून ऊठ म्हणजे माणूस दिसतो, असं काहीसं. गव्हर्नर झाल्यावर २००९ साली, स्वतः फाशीच्या शिक्षेचे समर्थक असूनही, त्यांनी न्यू मेक्सिकोतली फाशी रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. निरपराध माणूस चुकून मारला जाण्याची शक्यता त्यांना तेव्हा सोसवेना. त्यामागे ली प्रकरण होतं का, हे मला सांगता येणार नाही.

बाकीचे डागही आहेतच. ओबामांनी वाणिज्यमंत्री म्हणून नेमलं, पण देणग्या देणाऱ्यांना राज्याची कंत्राटं मिळाल्याच्या चौकशीमुळे जानेवारी २००९ मध्ये माघार घ्यावी लागली. त्या चौकशीत पुढे कुणावर आरोपपत्र आलं नाही. जेफ्री एपस्टीन प्रकरणातल्या २०१९ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतही त्यांचं नाव आलं. त्यांनी आरोप साफ नाकारले आणि त्यांच्यावर खटला झाला नाही. तरुणपणी आपल्याला व्यावसायिक बेसबॉल संघाने निवडलं होतं ही थापही ते वर्षानुवर्षं मारत आले होते. माणूस धुतल्या तांदळाचा नव्हता.

पदं संपल्यावर २०११ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. कुटुंबाकडून एक पैसा न घेता ही मंडळी परदेशी तुरुंगात अडकलेल्यांसाठी फिरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीने अकरा वर्षांची शिक्षा ठोठावलेला पत्रकार डॅनी फेन्स्टर तीनच दिवसांत रिचर्डसन यांच्या विमानात बसला. २०२२ मध्ये रशियातून ट्रेव्हर रीड आणि बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर सुटले, त्याआधी रिचर्डसन मॉस्कोच्या फेऱ्या मारून आले होते. उत्तर कोरियात पकडलेल्या ऑटो वॉर्म्बियर या विद्यार्थ्यासाठीही त्यांनी खटपट केली. तिथे यश आलं नाही. तो २०१७ मध्ये बेशुद्धावस्थेत घरी आला आणि काही दिवसांत गेला.

सरकारला हे सगळं आवडत होतं असं नाही. व्हाइट हाउसमधले लोक वैतागून म्हणायचे की हे गृहस्थ सरकारच्या वतीने बोलत नाहीत. १७९९ सालचा एक कायदाही आहे, लोगन ॲक्ट. खासगी नागरिकाने परक्या सरकारशी देशाच्या वादांबद्दल वाटाघाटी करणं त्याने गुन्हा ठरतं, पण आजवर त्याखाली कुणालाही शिक्षा झालेली नाही. टीका यापेक्षा गंभीर होती. म्यानमारच्या सेनापतीबरोबर रिचर्डसन यांचा फोटो निघाला, तेव्हा लोकशाहीसाठी मार खाणाऱ्या तिथल्या लोकांना काय वाटलं असेल? गुंडाच्या घरी पाहुणा म्हणून गेलं की गुंडाची पत वाढते. हा मुद्दा मला पटतो. पण मग कैदेतल्या मुलाच्या आईला काय सांगणार?

नेमका हाच प्रश्न २०१४ साली सीरियात आयसिसने जेम्स फोलीला मारलं तेव्हा आला. सुटकेसाठी पैसे दिलेत तर तुमच्यावरच खटला होईल, असा धाक त्याच्या घरच्यांना सरकारी माणसांकडून मिळाला होता. पुढल्या वर्षी ओबामांनी धोरण बदललं. कुटुंबांवर खटले नाहीत, ओलिसांसाठी वेगळा कक्ष, आणि परराष्ट्र खात्यात एक खास दूत. २०२० च्या अखेरीस त्याचा कायदाच झाला. इराणच्या किश बेटावरून २००७ मध्ये बेपत्ता झालेल्या रॉबर्ट लेव्हिन्सन यांचं नाव त्या कायद्याला आहे. म्हणजे रिचर्डसन वीस वर्षं एकटे जे करत होते, त्याचं सरकारने खातं उघडलं.

हे खातं कुणासाठी, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. अमेरिकन नागरिकासाठी ते आहे. ग्रीनकार्डवाल्यासाठीही आहे, पण अमेरिकेशी त्याचे घट्ट संबंध असले तर. एच-वन-बी वर इथे पंधरा वर्षं राहून, घर घेऊन, कर भरून बसलेल्या माणसासाठी नाही. आपल्याकडची नेहमीची सहल डोळ्यापुढे आणा. एडिसनमध्ये जन्मलेला नातू, ग्रीनकार्डवरचा मुलगा आणि भारतीय पासपोर्टवर आलेली आजी, तिघं दुबई किंवा दोहामार्गे मुंबईला निघालेत. विमानतळावर काही अडलं तर तिघांची दारं वेगळी. ग्राइनर अडकली ती गांजाच्या तेलाच्या दोन कुप्यांवरून. आणि आपल्या सामानात? दिवाळीच्या फराळात अनारसे असतात, आणि अनारशांवर खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, हे आपल्या किती आज्यांना माहीत आहे? कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, यांचंही तेच; डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधी परवानगी लागते. आखातातले आपले लोक हे जाणून असतात, अमेरिकेहून जाणाऱ्यांना पत्ता नसतो.

अटक झालीच तर आपला हक्क काय, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६. अटक झालेल्या परदेशी माणसाला तुझ्या वकिलातीला कळवायचं का, हे विचारलं गेलं पाहिजे, आणि वकिलातीच्या माणसाला त्याला भेटू दिलं पाहिजे. पण अनेक देशांत तुम्ही स्वतः मागितल्याशिवाय कुणी कळवत नाही. मागायचं. पुन्हा मागायचं. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवायची. २०१५ पासून ते सुरू आहे.

आणि हे कलम नुसतं कागदावर असून भागत नाही, हे कुलभूषण जाधव प्रकरणात आपण पाहिलं. पाकिस्तानने २०१६ मध्ये पकडलं, वकिलातीला भेटू दिलं नाही, २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन हेगच्या न्यायालयात उभे राहिले, आणि जुलै २०१९ मध्ये निकाल लागला: पाकिस्तानने कलम ३६ मोडलं, शिक्षेचा फेरविचार करा. पंधरा विरुद्ध एक. सुषमा स्वराज तेव्हा मंत्री नव्हत्या, पण साळवेंना त्यांनी तो रुपया न्यायला बोलावलं होतं. त्याच रात्री त्या गेल्या. जाधव अजून तिथेच आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या ती काच मध्ये ठेवून. आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. दोघींची मंगळसूत्रं उतरवायला लावली. कायद्याने आपण जिंकलो होतो किंवा जिंकणार होतो, पण त्या खोलीत रिचर्डसनसारखं कुणी नव्हतं.

मग आपल्याकडे असं कुणी आहे का? आहेत, पण त्यांची नावं कुणी घेत नाही. मुंबईचा हमीद अन्सारी हा इंजिनिअर २०१२ मध्ये पाकिस्तानात गेला आणि गायब झाला. तो डिसेंबर २०१८ मध्ये वाघ्यावरून परत आला तो दोन्हीकडच्या काही चिवट माणसांमुळे: मुंबईचे पत्रकार जतीन देसाई, पाकिस्तानातले वकील, आणि लाहोरची झीनत शहजादी ही तरुण पत्रकार, जी हे प्रकरण लावून धरल्यावर स्वतःच दोन वर्षं बेपत्ता होती. कराचीच्या मलीर तुरुंगात अडकलेल्या पालघरच्या मच्छिमारांसाठीही अशीच मूठभर माणसं पत्रं लिहितात, याद्या जुळवतात. २०२३ मध्ये परदेशी तुरुंगांत आठ हजारांहून जास्त भारतीय होते आणि त्यांत आखातातले सर्वाधिक, असं सरकारनेच संसदेत सांगितलं होतं. त्या सगळ्यांवर अन्याय झालाय असं नाही. पण त्यांतल्या ज्याच्यावर झालाय, त्याचं ऐकायला कोण जाणार?

इथे मला आपल्या लोकप्रतिनिधींबद्दल बोलायचंय. जानेवारी २०२३ मध्ये श्री ठाणेदार मिशिगनमधून खासदार झाले. बेळगावकडचा, मराठी बोलणारा माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये बसला याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला, ते योग्यच. पण आपला खासदार म्हणजे गणपतीला आरतीला येणारा पाहुणा, एवढ्यावर आपली मागणी थांबते. इथल्या प्रत्येक खासदाराच्या कार्यालयात गाऱ्हाणी हाताळणारी माणसं पगारावर असतात. तुम्ही मतदार आहात का, यापेक्षा तुम्ही त्या मतदारसंघात राहता का, हे बहुतेक ठिकाणी पाहतात. संमतीच्या फॉर्मवर सही करून द्यायची, मग ते तुमच्या वतीने खात्यांना विचारतात. अडकलेला व्हिसा, हरवलेला पासपोर्ट, परदेशात अटक झालेला नातेवाईक, सगळं. आपली मंडळी दहा हजार डॉलर वकिलाला देतील, पण हा फुकटचा फॉर्म भरणार नाहीत. भीड वाटते, की सरकारी माणसाच्या नजरेत यायचं नाही ही जुनी सवय? रिचर्डसन यांची सगळी मुत्सद्देगिरी सुरू झाली ती असल्याच एका कार्यालयातून.

२०२३ मध्ये आपल्या आणि कॅनडाच्या सरकारांत जे झालं ते आपण पाहिलंच. दोन्हीकडून अधिकारी हाकलले, भारताने कॅनेडियनांचे व्हिसा थांबवले, आणि टोरांटोतल्या आपल्या ओळखीच्यांची लग्नाची, आजारी आईवडिलांना भेटायची तिकिटं हवेत लटकली. सरकारं बोलायची थांबली की त्रास होतो तो ज्यांनी काही केलेलं नाही त्यांना. अशा वेळी कुणीतरी दोन्हीकडे फोन उचलणारं असावं लागतं, ज्याला पद गमावायची भीती नाही आणि फोटो आला तर लाजही नाही.

रिचर्डसन यांची संस्था त्यांचे जुने सहकारी मिकी बर्गमन यांनी पुढे चालवली. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चा इव्हान गेर्शकोविच तेव्हा, मार्च २०२३ पासून, मॉस्कोच्या तुरुंगात होता. पॉल व्हेलन यांना डिसेंबर २०२३ मध्ये रशियात पाच वर्षं झाली. आणि दोहात आपल्या नौदलाचे आठ निवृत्त लोक ऑगस्ट २०२२ पासून कोठडीत होते, त्यांच्यावर नक्की आरोप काय हे रिचर्डसन गेले तेव्हाही जाहीर झालेलं नव्हतं.